काळी मोहरी आली म्हणजे डाव गेला, असं कोण म्हणते?

(वाचकांचे प्रश्न : बुद्धिबळ)

प्रश्न : सर नमस्कार. मी नववीत आहो, आमचं गाव दारव्हा तालुक्यात. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत शेवटच्या राउंडले मले काळी मोहरी भेटली अन् समोरचा पोट्टा शहरातल्या क्लासवाला. त्यानं सुरुवातीलेच जी अन् एच ची प्यादी माह्या अंगावर सोडली. मी काही हल्ला-बिल्ला नाही केला, घर सांभाळत बसलो, अन् ५१ व्या चालीले त्यानं डाव सोडला. बाहेर आलो तर मोठी पोरं म्हणे, तू तर घाबरून खेळला, त्यानं चूक केली म्हणून जितला, याच्यात तुह्यं काय? स्कोअरशीट पाठवून राह्यलो. याले जिंकणं म्हणतात का नाही?

उत्तर : म्हणतात बेटा, आणि चांगलं जिंकणं म्हणतात. तुझी स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, मी पट मांडून पूर्ण खेळून पाहिली, एकदा तुझ्या बाजूनं आणि एकदा त्याच्या बाजूनं, आणि त्यात घाबरणं मला कुठंच दिसलं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी सुरुवात सांगतो. पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच आणि आडव्या ओळींना पांढऱ्याकडून १ ते ८ म्हणतात, त्यावरून घराचं नाव पडते; नुसतं 'ई४' म्हटलं की प्यादं त्या घरावर गेलं असं समजा. पांढरा ई४, तू सी६. मग डी४, डी५. हा कारो-कान बचाव, होरेशिओ कारो आणि मार्कस कान या दोघांच्या नावानं १८८६ पासून ओळखला जातो. तिसऱ्या चालीला त्यानं ई५ केलं आणि तू उंट बाहेर काढून एफ५ वर ठेवला. चौथ्या चालीला त्यानं जी४ ढकललं, उंट ई४ वर गेला, त्यानं एफ३ केलं, उंट जी६ वर आला, आणि सहाव्या चालीला एच४. आता इथं थांबा. पुढच्या चालीला एच५ आलं की तुझा उंट मेला, कारण एफ५ वर जी चं प्यादं मारते, ई४ वर एफ चं मारते, मागे एच७ वर आपलंच प्यादं बसलेलं, आणि सी२ चं प्यादं खाऊन मरायचं तर एका प्याद्यात अख्खा उंट गेला. अशा वेळी पोरं घाईनं एच६ करतात, उंटाला एच७ ची जागा होते पण मग पांढरा ई चं प्यादं ई६ वर फेकून खूप त्रास देते. तू काय केलं, तर एच५. तुझंच प्यादं त्याच्या एच४ च्या तोंडासमोर नेऊन ठेवलं. ही एक चाल पाहून मी ठरवलं की या डावावर नीट लिहायचं.

कारण त्या चालीनं त्याला ठरवावं लागलं. त्यानं सातव्या चालीला जी५ ढकललं, त्याला वाटलं असंल आपण पुढं सरकून राह्यलो, पण पट पाहा. त्याची डी४, ई५, जी५, एच४ ही चारही प्यादी काळ्या घरांवर जाऊन बसली आणि मधलं एफ५ चं घर मोकळं पडलं. त्या घरावर तू घोडा आणून ठेवला तर त्याला हाकलायला पांढऱ्याकडे प्यादंच नाही, जी चं पुढे निघून गेलं, ई चं तर आधीच गेलेलं. आणि प्यादं मागे येत नाही. तू ई६ केलं, त्यानं उंट डी३ वर आणला, तू उंटाला उंट मारून घेतला (फार बरोबर, पांढऱ्या घरांची राखण करणारा त्याचा एकच मोहरा होता तो), मग घोडा ई७, मग घोडा एफ५. त्या घोड्याचा एक डोळा डी४ वर आणि एक एच४ वर. वरून त्यानं एफ३ करून ठेवलेलं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घोड्याला एफ३ चं घर नाही, बिचारा ई२ वर जाऊन बसला. मग तू सी५ केलं, दुसरा घोडा सी६ वर, वजीर बी६ वर, सगळे डी४ कडे तोंड करून, आणि २४ व्या चालीला ते प्यादं पडलं. पुढं वजिरावजिरी झाली, हत्तीचा शेवट आला, म्हणजे पटावर राजे, हत्ती आणि प्यादीच उरली, त्यात तुझं एक प्यादं वरचढ.

याला कोणी घाबरून खेळणं म्हणत असंल तर त्यानं हा डाव पाहिलेला नाही. घाबरलेला खेळाडू मागे मागे जाते आणि आपले मोहरे एकमेकांच्या अंगावर गोळा करून ठेवते. तू प्रत्येक वेळी विचारलं की याच्या हल्ल्यातला कामाचा मोहरा कोणता, तो मारामारीत काढून टाकतो, आणि याची कोणती चाल परत घेता येणार नाही, तिथं जाऊन बसतो. माझ्या मते बचाव म्हणतात तो हाच. पाऊस यायच्या आधी ज्यानं वावराचे धुरे नीट केले त्याला पावसात धावपळ करावी लागत नाही, तसा तुझा राजा ५१ चालींत एकदाही धोक्यात आला नाही.

आता ते दुसरं, 'त्यानं चूक केली म्हणून जितला'. अरे, बुद्धिबळात समोरच्यानं काहीच चूक केली नाही तर तुम्ही जिंकताच कसे? दोघंही बरोबर खेळले की डाव बरोबरीत सुटते. प्रश्न हा असतो की चूक व्हावी अशी वेळ त्याच्यावर कोणी आणली, आणि चूक झाली तेव्हा तुमचे मोहरे तयार होते का.

यावर एक डाव सांगतो, तो तू पूर्ण लिहून काढ आणि पटावर खेळ. ११ मे २०१०, बल्गेरियातलं सोफिया शहर, जगज्जेतेपदाचा सामना, विश्वनाथन आनंद आणि वेसेलिन टोपालोव. बारा डावांचा सामना, अकरा डाव झाले तेव्हा साडेपाच-साडेपाच. शेवटचा डाव, टोपालोव आपल्याच देशात, आपल्याच लोकांपुढं, आणि पांढरी मोहरी त्याच्याकडे. आनंदला काळी. त्यात आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपातली विमानं बंद पडली होती म्हणून सामन्याआधी आनंद फ्रँकफर्टवरून सुमारे ४० तास रस्त्यानं प्रवास करत सोफियाला पोचला होता, सुरुवात एकच दिवस पुढं ढकलून भेटली. हे सगळं डोक्यात ठेवून पाहा की असा माणूस शेवटच्या डावात काळ्यानं काय खेळला. काही तिखट-बिखट नाही, वजिराच्या गॅम्बिटमधला (पांढरा सी चं प्यादं देऊ करते ती सुरुवात) लास्कर बचाव, जो इमॅन्युएल लास्करच्या नावाचा आहे, १८९४ ते १९२१ असा २७ वर्षं जगज्जेता राहिलेला माणूस.

या बचावात काळा सातव्या चालीला घोडा एकदम ई४ वर टाकते. दिसायला उडी वाटते पण काम साधं आहे, मारामारी करून मोहरे कमी करायचे, कारण काळ्याकडे जागा कमी असते आणि कमी जागेत जास्त मोहरे म्हणजे आपलीच अडचण. अकराव्या चालीपर्यंत उंटाची एक जोडी आणि घोड्याची एक जोडी पटावरून गेली. पुढं आनंदची सी५ आणि ए७ ही दोन प्यादी सुटी पडली, बाजूला राखणारं कोणी नाही, आणि टोपालोवनं हत्ती ए३ वर नेला, घोडा बी३ वरून ए५ वर, म्हणजे त्या दोन प्याद्यांवरच नजर. आनंदनं काय केलं तर २८ व्या चालीला उंट बी७ वरून ए८ ला, पार कोपऱ्यात. नवीन पोराला वाटंल की हा उंट आता निवृत्त झाला.

पण ए८ पासून एच१ पर्यंत एक लांब तिरपी रेघ आहे आणि त्या रेघेवर जी२ ला टोपालोवचा राजा उभा होता. मधात फक्त प्यादी. मग २९ व्या चालीला आनंदनं ई५ केलं, ३० व्या ला एफ५, टोपालोवनं ३१ व्या चालीला एफ५ चं प्यादं खाल्लं आणि आनंदनं ई४ ढकललं. फुकटचं प्यादं समोर ठेवलं. टोपालोवनं ३२ व्या चालीला तेही खाल्लं, आणि रेघ उघडी झाली. काळा वजीर ई४ वर शह देऊन आला, मागे कोपऱ्यात उंट, पांढरा राजा एच३ वर, तिथून एच४ वर, म्हणजे आपल्या घरातून बाहेर पडून रानात. टोपालोव ५६ व्या चालीपर्यंत झुंजला आणि मग डाव सोडला. आनंद साडेसहा-साडेपाचनं जगज्जेता राहिला.

टोपालोवनं ३२ व्या चालीला ते प्यादं खाल्लं नसतं तर डाव अजून चालला असता. पण तेवढ्यावरून आनंदचं जिंकणं कोणी कमी म्हणत नाही. २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला गुकेश जगज्जेता झाला तो शेवटचा चौदावा डावही काळ्याच मोहऱ्यांनी, तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेननं ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर नेला ही मोठी चूक होती, पण तिथपर्यंत एक प्यादं वरचढ ठेवून बसून कोण राहिलं होतं?

आता तुझ्या डावात जे चुकलं ते पण सांगतो, नाहीतर माझं उत्तर अर्धं राहीन. हत्तीच्या शेवटात ३६ व्या चालीला तू हत्ती आपल्या पुढं चाललेल्या प्याद्याच्या समोर ठेवला. तो मागे ठेवायचा. प्यादं जसं जसं पुढं सरकते तशी मागच्या हत्तीची जागा वाढत जाते, समोर ठेवला तर कमी कमी होत जाते. तू तिथं मागे हत्ती आणला असता तर आठ-दहा चाली आधीच डाव संपला असता. हत्तीचे शेवट रोज एक तरी मांडून खेळत जा. बचावानं खेळणाऱ्याचे डाव लांब चालतात आणि शेवटी हत्तीच उरतात, तिथं कच्चा असला तर वरची सगळी मेहनत बरोबरीत जाते.

प्रश्न : मी चिमूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शाळेत सहा पट आहेत, मुलं आवडीनं खेळतात, पण स्पर्धेत काळी मोहरी आली की रडकुंडीला येतात. काळी-पांढरी ठरते कशी? मुलांना काळ्याने कोणता बचाव शिकवावा?

उत्तर : बाई, आधी मुलांना हे सांगा की हे कोणी मुद्दाम करत नाही. बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीनं होतात, म्हणजे दर राउंडला साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात, जोड्या कॉम्प्युटर लावते आणि प्रत्येकाला दोन्ही रंग साधारण सारखेच यावेत असं पाहते. एकच रंग लागोपाठ तीनदा येऊ नये असा नियम आहे, शेवटच्या राउंडला वरच्या गुणांवरच्या खेळाडूंसाठी कधी कधी तो सैल होते तेवढंच. म्हणजे ज्याला आज काळी आली त्याला उद्या पांढरी येणारच.

पहिली चाल पांढऱ्याची, त्याचा फायदा आहे, नाही म्हणू नका मुलांना, मुलांना खोटं कळते. मोठ्या खेळाडूंच्या डावांत पांढऱ्याच्या वाट्याला साधारण ५४-५५ टक्के गुण जातात. पण शाळेच्या पातळीवर पहिल्या चालीनं काही ठरत नाही, दहाव्या चालीला घोडा फुकट कोणी दिला त्यानं ठरते.

बचाव एकच शिकवा. एकच. ई४ ला फ्रेंच किंवा कारो-कान, दोन्हीपैकी जो तुम्हाला स्वतःला खेळायला आवडते तो. फ्रेंच म्हणजे ई६ आणि मग डी५. हा फार जुना भरवशाचा बचाव, १८३४ मध्ये लंडन आणि पॅरिस या दोन शहरांत टपालानं सामना झाला त्यात पॅरिसवाल्यांनी खेळला म्हणून हे नाव पडलं. आणि जुना आहे म्हणून बाद झाला असं नाही, २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या पहिल्याच डावात डिंगनं गुकेशला काळ्या मोहऱ्यांनी फ्रेंच खेळूनच हरवलं. त्यात एक दुखणं आहे, ई६ च्या प्याद्यामागे सी८ चा उंट कोंडून राहते आणि लहान मुलं त्या उंटाला विसरूनच जातात. कारो-कानमध्ये आधी सी६ असल्यानं तो उंट बाहेर काढून मग ई६ करता येते, म्हणून लहानांसाठी माझं मत कारो-कानकडे झुकते. पांढऱ्यानं डी४ केलं तर डी५, ई६, दोन्ही घोडे बाहेर, उंट ई७ आणि किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल). एवढ्यावर दोन वर्षं निघतात.

चाली पाठ करून घेऊ नका पण. पाठ केलेलं पाचव्या चालीला मोडते कारण समोरचं पोर पुस्तकातलं खेळतच नाही. त्यापेक्षा वर्गात असा खेळ लावा की पांढऱ्यानं काहीही करून हल्ला करायचा आणि काळ्यानं २० चालीपर्यंत काही गमवायचं नाही, २० चाली टिकला तर काळा जिंकला. मग मोहरे बदला. काळ्यानं खेळायला पोरं भांडतील. आणि प्रत्येक चालीआधी एक प्रश्न तोंडानं विचारायला लावा, 'यानं ही चाल कावून (का) केली?' मोठ्यानं विचारू द्या, पहिल्या महिन्यात वर्गात गोंगाट होईल, होऊ द्या.

प्रश्न : मी आर्वीजवळच्या गावात राहते, सातवीत आहे. दिव्या देशमुख ताई वर्ल्ड कप जिंकली तो डाव काळ्या मोहऱ्यांचा होता का? आमच्या घरी भाऊ म्हणते की नव्हता.

उत्तर : भावाला सांग, होता. जॉर्जियातल्या बातुमी शहरात २०२५ च्या जुलैमध्ये महिलांचा वर्ल्ड कप झाला, फायनलला दोघीही आपल्याच, नागपूरची दिव्या आणि आंध्रची कोनेरू हम्पी. क्लासिकलचे, म्हणजे लांब वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग २८ जुलैला रॅपिडचे टायब्रेक, म्हणजे बरोबरी मोडायला कमी वेळेचे डाव, पहिला डाव दिव्या पांढऱ्यानं खेळली, तोही बरोबरीत. दुसऱ्यात तिला काळी मोहरी आली आणि तो ती जिंकली, अडीच-दीड. डाव लांबला, दोघींच्याही घड्याळात वेळ संपत आली होती आणि त्या तंगीत हम्पीकडून चुका झाल्या. हम्पी म्हणजे साधी खेळाडू नाही, दोनदा रॅपिडची जगज्जेती झालेली आहे, तिच्यापुढं काळ्यानं टिकून राहणं म्हणजे काय ते यावरून समज. दिव्या तेव्हा १९ वर्षांची होती, ग्रँडमास्टर या सर्वात मोठ्या पदवीसाठी लागणारा एकही नॉर्म (स्पर्धेतली ठरलेली कामगिरी) हातात नव्हता, आणि हा कप जिंकल्यानं ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी, आणि आपल्या देशातल्या बायांमध्ये चौथी. आपल्या विदर्भाची पोरगी आहे, मला तर त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

तू पुढं विचारलं नाही तरी सांगतो, घड्याळ लावून खेळायची सवय कर. खरं घड्याळ महाग पडते, मोबाइलवर चेस क्लॉकचं फुकट अॅप भेटते, दोघांच्या मधात मोबाइल ठेवला की झालं.

प्रश्न : आम्ही मेहकरकडचे. पारावर बसून जुन्या देशी पद्धतीनं खेळतो, प्यादं पहिल्या चालीलेही एकच घर चालते, राजाले एकदा घोड्याची चाल भेटते. नातू आता शाळेतून वेगळे नियम शिकून आला अन् म्हणते तुमचा खेळ चुकीचा आहे. तुमच्या या बचावाचा आमच्यासारख्या म्हाताऱ्याले काय उपयोग?

उत्तर : काका, चुकीचा मुळीच नाही, वेगळा आहे. देशी पद्धतीत प्यादं एकेक घर चालते म्हणून मारामारी उशिरा सुरू होते आणि माणूस आपोआप आधी घर बांधायला शिकते. अविभाजित पंजाबातले मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढले होते, विलायतचे नियम मोठेपणी शिकले, आणि १९२९, १९३२, १९३३ असं तीनदा ब्रिटिश विजेतेपद जिंकलं. माजी जगज्जेता कापाब्लांकालाही त्यांनी इंग्लंडातल्या हेस्टिंग्सच्या स्पर्धेत हरवलं. सुरुवातीच्या चालींचा पुस्तकी अभ्यास त्यांचा कमीच, त्यांचा जोर सगळा मजबूत मांडणीवर आणि शेवटच्या खेळावर. फिडेनं (बुद्धिबळाची जागतिक संघटना) २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं.

तुम्हाला नातवासोबत खेळायचं तर आधी तीन गोष्टी शिकून घ्या. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकते. राजाला घोड्याची उडी नाही, त्याऐवजी किल्लेकोट, राजा दोन घरं सरकते आणि हत्ती त्याच्या पलीकडून येऊन बसते, पण मधात मोहरा नको, दोघंही आधी हललेले नको, आणि राजाला शह लागलेला नको, ज्या घरांवरून तो जाते तिथंही नको. तिसरं म्हणजे प्यादं शेवटच्या घरी पोचलं की ते घर हत्तीचं असो की घोड्याचं, सरळ वजीर मागता येते. देशी पद्धतीत हे गावागावात वेगळं आहे, त्याच्यावरूनच जास्त भांडणं होतात, तर खेळायला बसायच्या आधीच नातवाशी कोणते नियम ते बोलून घ्या. आणि पहिला डाव त्याला पांढरी मोहरी द्या, तुम्ही काळी घ्या, सी६ पासून सुरू करा.